तुम्ही विचारलेत म्हणून : फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनला काय ठाऊक होते?

नौदलाच्या इतिहासावर बोलताना ‘विराट’चा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. अनेक वर्षे मुंबईत तळ असलेली ही विमानवाहू नौका १९८२ मध्ये ‘हर्मीस’ या नावाने फॉकलंडला, म्हणजे दक्षिण अटलांटिकमधील ब्रिटनच्या ताब्यातील पण अर्जेंटिना हक्क सांगत असलेल्या बेटांकडे, गेलेल्या ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती, हे श्रोत्यांना माहीत असते. म्हणून ते विचारतात, की ब्रिटन अर्जेंटिनाचे सांकेतिक संदेश वाचत होते, तर अर्जेंटिनाचा बेटांवरचा हल्ला त्याला आधी कळला कसा नाही, आणि पुढे ते युद्ध त्याने गुप्तवार्तेच्या बळावर जिंकले असे म्हणावे का?

संदेश वाचले जात होते, यात शंका नाही. ३ एप्रिल १९८२ रोजी, म्हणजे आक्रमणाच्या दुसऱ्याच दिवशी, टेड रोलंड्स या माजी मंत्र्याने ब्रिटिश संसदेत ते उघडपणे सांगून टाकले आणि गुप्तवार्ता खात्याला हादरा दिला. परंतु अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने उतरण्याचा निर्णय पक्का केला तो २६ मार्चच्या सुमारास. त्याआधी जो निर्णय झालाच नव्हता, तो कोणत्या संदेशात सापडणार? २ एप्रिलला सैन्य उतरणार, ही खबर लंडनला ३१ मार्चच्या संध्याकाळी मिळाली, आणि तेव्हा आठ हजार मैलांवरून काहीही थांबवता येण्यासारखे नव्हते.

माझ्या मते खरी चूक त्याआधीची आहे. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीने या प्रश्नाचा शेवटचा सविस्तर आढावा जुलै १९८१ मध्ये घेतला होता. अर्जेंटिना आधी राजनैतिक, मग आर्थिक दबाव आणील आणि बळाचा वापर त्यानंतर येईल, असा त्याचा सूर होता. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत ब्युनोस आयर्समध्ये सत्ता जनरल गाल्तिएरींकडे गेली, तिथल्या वृत्तपत्रांची भाषा बदलली, ‘एन्ड्युरन्स’ ही त्या भागातली गस्ती नौका मागे घेण्याचा जून १९८१ मध्येच जाहीर केलेला निर्णय ब्रिटनने कायम ठेवला आणि तिचे कप्तान निक बार्कर धोक्याच्या सूचना देत राहिले. पण नवा आढावा काही झाला नाही. युद्धानंतर चौकशीसाठी नेमलेल्या फ्रँक्स समितीने आक्रमणाचा अंदाज आधी येणे शक्य नव्हते असे म्हटले खरे, मात्र त्याच अहवालात गुप्त माहितीला झुकते माप देऊन वृत्तपत्रे आणि राजनैतिक घडामोडी यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असा ठपकाही ठेवला. त्या अहवालाचा मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण उघड्यावर पडलेले वाचायला कोणतीही संकेतलिपी फोडावी लागत नव्हती.

युद्ध सुरू झाल्यावरही तेच दिसते. ताफा निघाला तेव्हा बेटांच्या किनाऱ्यांची तपशीलवार माहिती हवी होती, आणि ती मिळाली एका अधिकाऱ्याच्या वहीतून. रॉयल मरीन्सचे यूएन साउदबी-टेल्यूर १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेटांवरच्या छोट्या तुकडीचे प्रमुख होते. शिडाच्या होडीने किनारे हिंडून त्यांनी खाड्या, खडक आणि उतरण्याजोगे पुळणीचे पट्टे टिपून ठेवले होते. बेटांवरील सान कार्लोसच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचे ठरले त्यात या टिपणांचा मोठा वाटा होता. ती टिपली तेव्हा कोणी मागितली नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरे उदाहरण २ जूनचे. बेटांवरील फिट्झरॉय वस्तीत शत्रू आहे की नाही, हे समजत नव्हते. ब्रिटिश पॅराशूट बटालियनचे काही जण हेलिकॉप्टरने स्वान इनलेट येथील घरापाशी उतरले आणि तिथल्या दूरध्वनीवरून त्यांनी थेट फिट्झरॉयला विचारले. इथे कोणी नाही, असे उत्तर आले. एवढ्यावर, बुडालेल्या ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावरील चारांपैकी वाचलेल्या एकमेव चिनूक हेलिकॉप्टरने सैनिक पुढे नेण्यात आले. मात्र मागच्या तुकड्यांना तिथे पोहोचवायला हेलिकॉप्टरे उरली नव्हती, म्हणून वेल्श गार्ड्स या ब्रिटिश पलटणीला समुद्रमार्गे पाठवले गेले आणि ८ जूनला ‘सर गॅलहॅड’ नौकेवर विमानहल्ला होऊन ४८ जण मेले. माहिती अचूक होती, पण तिच्या आधारे टाकलेले पाऊल हाताशी असलेल्या साधनांपेक्षा मोठे ठरले.

त्याच दिवसाबद्दल आणखी एक गोष्ट पुढे चिलीचे हवाईदल प्रमुख फर्नांदो मात्थेई यांनी सांगितली. अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडील तळांवरून उडणाऱ्या विमानांची पूर्वसूचना चिलीचे दूर पल्ल्याचे रडार ब्रिटिशांना गुपचूप देत असे, आणि नेमक्या ८ जूनला ते देखभालीसाठी बंद होते. ब्रिटिश ताफ्यावर हवेतून दूरवर पाहणारे एकही विमान नव्हते, कारण विमानवाहू नौकांवरची तशी विमाने १९७८ मध्येच निवृत्त झाली होती. सांकेतिक संदेशांची एवढी चर्चा होते, परंतु सैनिकांच्या जिवाशी थेट जोडलेली माहिती होती ती ही, काही मिनिटे आधीची.

मग युद्ध गुप्तवार्तेने जिंकले का? नाही. ते सैनिकांच्या चालण्याने, सी हॅरियरच्या वैमानिकांनी आणि अर्जेंटिनाच्या अनेक न फुटलेल्या बॉम्बांनी जिंकले. गुप्तवार्तेचा सर्वांत मोठा पराभव मी दुसऱ्या बाजूचा मानतो. ब्रिटन लढायला येणार नाही आणि अमेरिका तटस्थ राहील, ही दोन गृहीतके ब्युनोस आयर्समध्ये कोणी तपासली नाहीत. २१ एप्रिलला त्यांच्या बोईंग ७०७ विमानाने ताफा प्रत्यक्ष पाहिला, म्हणजे तो येत असल्याचे त्यांना कळले होते. तरीही चिलीच्या भीतीने थंडीत लढायला शिकलेल्या डोंगरी ब्रिगेड्स सीमेवरच ठेवल्या गेल्या, आणि बेटांवर पाठवलेल्यांत उत्तरेकडच्या उष्ण कोरिएन्तेस प्रांतातून आलेले, सक्तीने भरती केलेले तरुण होते.