व्हेनिसला जाताय? फोनमध्ये एवढंच टाका

गोव्यात हल्ली प्रत्येक वाड्यावरचं कोण ना कोण युरोपात आहे, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला, कोणी तिथून पुढे इंग्लंडला, मग घरचे त्यांना भेटायला जातात आणि आलोच आहोत तर म्हणून इटली पण करून येतात. आम्ही जाऊन आल्यापासून "व्हेनिसला कुठलं अ‍ॅप घेऊ गं" असे मेसेज मला सारखे येतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून इथे सगळं एकदम लिहून ठेवते, पुढच्यांना सरळ लिंक पाठवीन.

प्ले स्टोअरवर 'व्हेनिस गाईड' टाकलं की ढीगभर अ‍ॅप्स येतात. आधी ती सगळी सोडून द्या. बहुतेकांत तीच माहिती, तेच फोटो आणि मध्ये मध्ये जाहिराती. आम्ही एक पैसे भरून घेतलेलं ऑडिओवालं घेतलं होतं, ते ज्या चर्चबद्दल बोलायचं ते चर्च मागे दोन गल्ल्या राहिलेलं असायचं. नाव नाही सांगत, तसली सगळी थोड्याफार फरकाने सारखीच. व्हेनिसमध्ये माणूस अडतो तो बोट आणि पाणी या दोन गोष्टींपाशी, बाकी सगळं डोळ्यांनी दिसतं.

तर आधी बोट. जुन्या शहरात गाडी नाही, स्कूटर नाही, सायकल पण नाही, ओला-उबरची सवय पियाझ्झाले रोमाला सोडून यायची, रस्ता तिथेच संपतो. पुढे एक तर चालायचं नाहीतर व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली पब्लिक बोट. तिकिटांसाठी 'एव्हीएम वेनेझिया' हे त्यांचं ऑफिशियल अ‍ॅप आहे, ते घरूनच इन्स्टॉल करून कार्ड टाकून ठेवा. मी लिहितेय तेव्हा ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरोला आहे, म्हणजे आपले साडेनऊशे-हजार रुपये कुठेच गेले नाहीत, आणि रायबंदर-चोडण फेरीबोटीत आयुष्यभर पायी फुकट गेलेल्या माणसाला हा आकडा पचायला वेळ लागतो! पण २४ तासांचा पास २५ युरो आणि ७२ तासांचा ४५ आहे, त्यामुळे दिवसात तीनदा जरी चढायचं असेल तरी पासच परवडतो. ६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. अ‍ॅपमध्ये तिकीट घेतलं की ते लगेच चालू करायची घाई करू नका, धक्क्यावर पोचल्यावरच अ‍ॅक्टिव्हेट करा, वेळ तिथून मोजतात.

अजून एक, विमानतळावरून येणारी अलिलागुना ही बोट वेगळ्या कंपनीची आहे, व्हापोरेत्तोचा हा पास तिच्यावर चालत नाही. विमानतळावर उतरल्या उतरल्या खूप जण इथेच गोंधळतात.

टाइमटेबलसाठी 'के बातेओ' म्हणून अ‍ॅप आहे, दिसायला काही खास नाही पण कुठल्या धक्क्यावरून कुठली लाइन कधी सुटते ते नीट सांगतं. गूगल मॅप्स पण बोटी दाखवतो. मात्र धक्क्याचं नुसतं नाव बघून धावू नका, अक्षर पण बघा. सान झक्कारिया, फेर्रोविया, रियाल्तो असल्या मोठ्या थांब्यांवर ए, बी, सी असे वेगवेगळे तरंगते धक्के आहेत, एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब, आणि तुमची बोट 'बी'वरून सुटताना तुम्ही 'ई'वर उभे राहून नुसतं बघत बसाल. लाइन १ ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक थांबा घेत रमतगमत जाते, लाइन २ कमी थांबते. पहिल्या दिवशी लाइन १ मध्येच बसा, पुढे बाहेरची सीट मिळाली तर तेवढ्यावर अर्धं व्हेनिस बघून होतं. बुरानो बेटावर जायचं तर फोंदामेंते नोव्हेवरून लाइन १२.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या, गुडघ्यांचा त्रास असलेल्या, आणि व्हेनिसमध्ये चारशेच्या आसपास पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या. मॅप म्हणतो "७ मिनिटं", त्यात चार पूल चढा आणि चार उतरा हे कुठलं अ‍ॅप सांगत नाही हो. अशा माणसांसाठी महापालिकेचा 'वेनेझिया अच्चेस्सीबिले' हा नकाशा आहे, अ‍ॅप नाही, वेबसाइटवर मिळतो, त्यात कुठला भाग पूल न चढता बोटीने उतरून फिरता येतो ते रंगवून दाखवलंय. तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, खरंच.

आता मॅप. गूगल मॅप्सचा व्हेनिसचा भाग ऑफलाइन डाऊनलोड कराच, पण त्याच्याबरोबर 'ऑरगॅनिक मॅप्स' पण घ्या, फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट नसताना चालतं. त्याचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाचा असतो आणि बारीक बारीक गल्ल्या, घराखालून जाणारे बोळ, पिण्याच्या पाण्याचे नळ, टॉयलेट हे सगळं त्यात छान मार्क केलेलं आहे. टॉयलेटला पैसे पडतात आणि नळाचं पाणी फुकट आणि चांगलं असतं, बाटली भरत राहा. निळा ठिपका मात्र कुठल्याच अ‍ॅपमध्ये शहाण्यासारखा वागत नाही, कारण गल्ली एवढी अरुंद आणि भिंती एवढ्या उंच की सॅटेलाइटचा सिग्नल आपटून आपटून येतो आणि ठिपका कॅनॉलच्या पलीकडे जाऊन बसतो. तेव्हा फोन खिशात घाला आणि भिंतीवर वर बघा, "पेर रियाल्तो", "पेर सान मार्को" असे पिवळे बोर्ड बाण दाखवत असतात, त्यांच्या मागे गेलं की माणूस पोचतो.

पत्त्याचा घोळ तर वेगळाच. शहराचे सहा विभाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, दोर्सोदुरो, सान मार्को, सान पोलो आणि सांता क्रोचे. घर नंबर रस्त्याप्रमाणे नसतात, अख्ख्या विभागाचे एकसलग, त्यामुळे "कास्तेल्लो ५०००च्या पुढचं काहीतरी" असा पत्ता येतो आणि गल्लीचं नावच नसतं. त्यात एकाच नावाच्या गल्ल्या दोन-तीन विभागांत असू शकतात. हॉटेलवाल्याकडून आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशनची पिन आणि जवळच्या धक्क्याचं नाव मागून घ्या, बॅगा ओढत पूल चढल्यावर हे कळून उपयोग नाही.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं अ‍ॅप, 'हाय टाइड व्हेनिस'. महापालिकेच्या भरती-अंदाज केंद्राचं आहे, फुकट. पुढच्या दोन-तीन दिवसांचा भरती-ओहोटीचा ग्राफ आणि आत्ता पाणी किती सेंटिमीटरवर आहे ते दाखवतं. ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी शहरात शिरतं तेव्हा, जात असाल तर हे नसेल तर चालणारच नाही. मी ग्राफ उघडून आमच्या ह्यांना समजावत बसले होते तोवर सासूबाईंनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "सकाळी भरती आहे ना, मग सान मार्कोच्या चौकात आपण दुपारी जाऊया." त्यांचं माहेर चोडणचं, खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीतलं, त्यांना काय शिकवायचं.

त्यांना मग मी मोझेबद्दल, म्हणजे व्हेनिसचा पूर अडवायच्या दारांबद्दल सांगितलं. समुद्राकडून लगून म्हणजे खाडीत पाणी जिथून येतं अशी तीन तोंडं आहेत, लिदो, मालामोक्को आणि किओज्जा, तिथे समुद्राच्या तळाशी ७८ पोलादी दारं पाण्याने भरून आडवी निजवून ठेवली आहेत. मोठी भरती यायची असली की त्यांत हवा भरतात, पाणी बाहेर जातं आणि दारं वर उठतात, समुद्र बाहेरच राहतो. पहिल्यांदा खऱ्या भरतीला वापरली ती ३ ऑक्टोबर २०२० ला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या बांधावरचा मानसच की!" अगदी बरोबर, फक्त आपला मानस म्हणजे बांधातलं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतो आणि तिथे माणसांनी बसून ठरवावं लागतं.

आणि ह्या ठरवण्यामुळेच अ‍ॅप लागतं. लोकांना वाटतं आता मोझे आलं म्हणजे पूर बंद. तसं नाही. दारं साधारणपणे ११० सेंटिमीटरच्या वरचा अंदाज असेल तेव्हा उचलतात, कारण दारं उचलली की जहाजं पण अडतात आणि खर्चही येतो. पण सान मार्कोचा चौक शहरातला सगळ्यात सखल भाग, तिथे ८० च्या आसपासच गटारांतून पाणी वर यायला लागतं. म्हणजे अंदाज ९० किंवा १०० चा असेल तर दारं खालीच असणार आणि चौकात तुमचे बूट भिजणार. चौकातल्या बासिलिकेला, म्हणजे मोठ्या चर्चला, २०२२ पासून काचेची भिंत घातलीय त्यामुळे आत कोरडं असतं, चौकात मात्र फळ्यांवरून रांगेत चालायचं. तर अ‍ॅपमध्ये आकडा किती वाजता ८० च्या खाली आहे ते बघा आणि चौक त्या वेळात करून घ्या, भरती काही तासांत उतरते पण. हा आकडा म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे हां, १०० लिहिलंय म्हणून कोणी कमरेपर्यंतच्या पाण्याची कल्पना करू नका, तो एका ठरलेल्या जुन्या शून्यापासून मोजतात. १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ झाला होता आणि ४ नोव्हेंबर १९६६ ला १९४, तेव्हा मात्र खरंच जवळजवळ अख्खं शहर पाण्यात होतं.

पुनव-अंवसेला भरती मोठी हे आपल्याला माहीत असतं, पण तिथे त्यावर शिरोक्को म्हणून दक्षिणेकडचा वारा पाणी आत ढकलतो, त्यामुळे नुसतं कॅलेंडर बघून अंदाज बांधू नका.

बाकीचं पटापट. 'ट्रेनितालिया'चं, म्हणजे तिथल्या रेल्वेचं अ‍ॅप फ्लॉरेन्स-रोम करणार असाल तर. मुक्काम स्वस्त पडतो म्हणून लोक मेस्त्रेला, म्हणजे पाण्यापलीकडे जमिनीवरच्या भागात राहतात, तिथून जुन्या शहरातलं सांता लुचिया स्टेशन ट्रेनने दहा-बारा मिनिटं, वाईट नाही. गूगल ट्रान्सलेटमध्ये इटालियन ऑफलाइन घ्या, मेनूवर कॅमेरा धरला की समजतं, फक्त माशांच्या नावांचं ते काहीच्या काही करतं, त्यापेक्षा सकाळी रियाल्तोच्या मासळी बाजारात जाऊन काय काय मांडलंय ते बघा, रविवार-सोमवार सोडून. घरात कोणी शाकाहारी असेल तर शाकाहारी जेवण कुठे मिळतं ते सांगणारं 'हॅपीकाऊ'.

एन्ट्री फीचं पण बघून घ्या. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, एका दिवसापुरतं येणाऱ्यांना पैसे भरून क्यूआर घ्यावा लागतो, सुरुवातीला ५ युरो होते, २०२५ पासून उशिरा भरलं तर १०. रात्री मुक्काम असेल (मेस्त्रेला असला तरी) तर फी माफ, पण माफीचासुद्धा क्यूआर काढावा लागतो. अ‍ॅप शोधू नका, महापालिकेच्या साइटवरच होतं, आणि तारखा दर वर्षी बदलतात.

गोंडोल्याला अ‍ॅप नको, रेट महापालिकेने ठरवलेला आहे: दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, अख्ख्या बोटीचे, माणशी नाही. तेवढे घालवायचे नसतील तर त्रागेत्तो करा, ग्रँड कॅनॉल ओलांडायची साधी गोंडोला, माणशी २ युरो, दोन मिनिटांत पलीकडे. मासळी बाजाराजवळ सांता सोफियाचा आहे. कार्ड, फोन काही चालत नाही, सुटे द्यायचे, आणि संध्याकाळी तो बंद होतो म्हणून दिवसाउजेडीच जा.