काकूंनी लावलेली चाल

"थांबा, मला म्हणून बघू दे," म्हणत काकूंनी आज आमच्या वाचनगटात माझ्या हातातला कागद काढूनच घेतला. चष्मा नाकावर ओढला, मांडीवर ठेका धरला आणि पारायणाच्या चालीत ओवी म्हटली. तीन चरणांचं यमक जुळलं, चौथा अलगद सुटला. कुठेही अडखळल्या नाहीत.

ओवी फादर थॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'तली होती.

हा इंग्रज जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक ख्रिस्ती संघाचा धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि सुमारे ११ हजार ओव्यांत त्यानं बायबलची कथा सांगितली. १६१६ मध्ये ती गोव्यातल्या राशोलला छापली गेली, तीही रोमन लिपीत.

काकू म्हणाल्या, "अहो, हा तर ज्ञानोबांच्याच वाटेनं चाललाय. इतक्या वर्षांत मला कुणी हे वाचून का नाही दाखवलं?"

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

गटातल्याच एका आजोबांनी लगेच आठवण करून दिली, की हा माणूस यायच्या आधी, १५६७ मध्ये, राशोल ज्या भागात आहे त्याच गोव्यातल्या साष्टीत देवळं पाडली गेली होती. त्यांचं बरोबरच आहे. तेही वाचायलाच हवं. पण काकूंनी दोन्ही ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "पुढची ओवी द्या."

साठी-सत्तरीनंतर धर्म शिकताना परीक्षा नसते, कुणाला हरवायचंही नसतं. हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

पुढे श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांचा 'योगसंग्राम' घ्यायचा विचार आहे. तुमच्यापैकी कुणी वाचलाय का? सुरुवात कुठून करावी?