५१२ बाइट आले कुठून?

आठ जीबीच्या कार्डावर सोळा टेराबाइट पुढे जाऊन वाचन चाललंय, असं आमचं ट्रेसिंग टूल (प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, काय काय मागतो ते टिपणारं) छातीठोकपणे सांगत होतं. पीरीड६४ या वाचनाच्या कॉलचा ऑफसेट, म्हणजे वाचन कुठून सुरू करायचं ती जागा: १७५९२१८६०४४४१६. गेटवेवरच्या (हे कार्ड असलेल्या आमच्या उपकरणावरच्या) सेटिंग्ज अधूनमधून पुसल्या जात होत्या, त्यामुळे आमच्या टीम लीडला गुन्हेगार सापडलाच. ड्रायव्हर देणाऱ्या व्हेंडरला तिखट मेल गेला. टूलवर कुणी शंका घेतली नाही. मीही नाही, ते मीच लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी कंटाळून आकडा हेक्समध्ये, म्हणजे १६ पायाच्या अंकपद्धतीत, टाकला. एकावर अकरा शून्यं! कचरा इतका नीटनेटका नसतो. हे तर साधे ४०९६, फक्त ३२ बिट डावीकडे सरकलेले.

३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर ६४ बिटांचं आर्ग्युमेंट (कॉलला दिलेली किंमत) दोन रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या ३२ बिटांच्या कप्प्यांत) जातं आणि ती जोडी सम क्रमांकापासूनच सुरू व्हावी लागते. आर०, आर१, आर२ मध्ये डिस्क्रिप्टर, बफर, काउंट (कुठली फाइल, वाचलेलं कुठे ठेवायचं, किती वाचायचं), आर३ मोकळं, ऑफसेट आर४-आर५ मध्ये. मी आर३ पासूनच उचलत होतो. तिथलं शून्य झालं खालचा अर्धा, आर४ मधले ४०९६ झाले वरचा. ३२ बिटांच्या इंटेलवर अशी जागा सोडत नाहीत, आणि चाचण्या मी तेवढ्यावरच केल्या होत्या.

मग ‘६४ बिट दिसले की सम रजिस्टर’ असा सरसकट नियम लावला, तर पीरीडव्ही हा वाचनाचा दुसरा कॉल बिघडला. कर्नल त्याचा ऑफसेट दोन सुटे अर्धे म्हणून घेतो, म्हणून तिथे आर३-आर४च बरोबर. फॅडव्हाइसची (फाइल कशी वापरणार ते कर्नलला आधीच सुचवणाऱ्या कॉलची) तऱ्हा आणखी निराळी. नेहमीच्या क्रमाने सात रजिस्टरं लागली असती, म्हणून एआरएमवर शेवटचा ‘ॲडव्हाइस’ उचलून दुसऱ्या जागी आणलाय. शेवटी टेबल हाताने लिहिलं, एकेक कॉल कर्नलशी ताडून. रिव्ह्यूत प्रश्न आलाच, “अरे, हे जेनेरिक नाही का करता येणार?” रिव्ह्यू करणाऱ्यांना हा एकच प्रश्न येतो बहुतेक.

पण टूलने दाखवलेल्या पीरीड६४ च्या त्याच ओळीच्या शेवटी रिटर्न व्हॅल्यू, म्हणजे प्रत्यक्ष वाचलेल्या बाइटची संख्या, होती ५१२. फाइल संपल्यावर पुढे वाचलं तर शून्य येतं, हे आम्हा चौघांनाही झोपेत विचारलं तरी सांगता येईल. ती ओळ आम्ही प्रोजेक्टरवर पाहिली, मेलमध्ये पेस्टही केली. व्हेंडरच्या मुलीने उलट विचारलं होतं, “मग ५१२ बाइट आले कुठून?” लीडच्या मते ती टोलवाटोलवी होती.

दुरुस्ती मर्ज झाली. सेटिंग्ज अजूनही पुसल्या जातातच. माफीचा मेल मी लिहिलाय, लीड म्हणतो, “जाऊ दे रे, पुढच्या कॉलला सांगू.” तो कॉल दोनदा पुढे ढकललाय.