पाच टक्

माझं काम जुन्या रेकॉर्ड तपासण्याचं. लोक आपला संग्रह विकायला देतात. आम्ही प्रत्येक रेकॉर्ड धुतो, दिव्याखाली धरून बघतो, वाजवतो आणि तिची चिठ्ठी लिहितो: प्रेसिंग कुठलं (म्हणजे कुठली छपाई, पहिली की नंतरची), कव्हर कसं, तबकडी कशी. घेणारा बहुतेक वेळा त्या चिठ्ठीच्या भरवशावर, रेकॉर्ड हातात न घेता पैसे मोजतो. म्हणून त्या चार ओळी लिहिताना मी फार जपून लिहितो. नऊ वर्षांत लिहिलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक मला फाडून पुन्हा लिहावी लागली. तिची ही गोष्ट.

पंचाहत्तरीचे एक गृहस्थ सकाळीच तीन खोकी घेऊन आले. साठ-सत्तर रेकॉर्ड असतील. प्लेअर बिघडून तीस वर्षं झाली, आता लहान घरात राहायला जातोय, ठेवायला जागा नाही, म्हणाले. बाकीच्यांचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा. फक्त एक त्यांनी स्वतः खोक्यातून बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. काळं कव्हर, मधोमध त्रिकोणी लोलक, एका बाजूने आत शिरणारा पांढरा किरण, दुसऱ्या बाजूने फुटलेले रंग. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’.

“1973 साली लंडनला शिकत होतो. बाजारात आली त्याच महिन्यात घेतली,” ते म्हणाले. “आणि एक लिहून ठेवा. दुसऱ्या बाजूला ‘अस अँड देम’ सुरू झालं की पाच टक् ऐकू येतात. खोलीतल्या मित्राचा हात टोनआर्मला, सुईच्या दांड्याला, लागला होता. घेणाऱ्याला ते आधी कळलं पाहिजे.”

रेकॉर्डमधला दोष आपणहून सांगणारे फार थोडे भेटतात. मी ते वहीत टिपून घेतलं.

दुपारी कव्हर उघडलं. हे कव्हर पुस्तकासारखं उलगडतं. आतल्या पानांवर रंगांची पट्टी आडवी जाते आणि तिच्यातल्या हिरव्या रेषेचा हृदयाच्या ठोक्याचा आलेख होतो; रेकॉर्ड सुरूही ठोक्यांनी होते आणि संपतेही ठोक्यांनी. पट्टीत रंग सहाच आहेत, पारवा नाही. हे कव्हर मी किती वेळा पाहिलंय कोण जाणे, तरी दर वेळी ते रंग मोजतो. कडा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. आत दोन्ही पोस्टरं होती, चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. म्हणजे कुठल्यातरी वसतिगृहाच्या भिंतीवर ती लागली होती. दोन स्टिकरांपैकी एकच उरलं होतं. सगळं त्यांच्या सांगण्याशी जुळत होतं, आणि तिथेच मी चुकलो. तबकडी बाहेर न काढताच चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत ‘पहिलं ब्रिटिश प्रेसिंग’ असं लिहून टाकलं.

कव्हर आणि तबकडी वेगवेगळी तपासायची, हा आमचा पहिला धडा. पन्नास वर्षांत तबकड्यांची अदलाबदल होते, हौसेने होते, घाईत होते, कधी मुद्दाम केली जाते. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावायचा नाही.

तबकडी बाहेर आली आणि लेबलवरचा त्रिकोण पोकळ निघाला. या अल्बमच्या पहिल्या ब्रिटिश प्रेसिंगच्या काळ्या लेबलवर फिकट निळा, आतून भरलेला त्रिकोण असतो. पुढच्या प्रेसिंगमध्ये तो नुसत्या रेघांचा झाला. संग्राहक त्या भरीव त्रिकोणासाठी जीव टाकतात. मग मी तबकडी कलती करून शेवटच्या खाचेनंतरची गुळगुळीत पट्टी वाचली. आम्ही तिला डेड वॅक्स म्हणतो. तिथे कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ज्या मूळ कोरीव तबकडीवरून रेकॉर्ड निघाली तिचा क्रमांक, पहिल्या प्रेसिंगला ‘एसएचव्हीएल 804 ए-2’ आणि मागे ‘बी-2’ असा असतो. इथे 2च्या जागी बराच मोठा आकडा होता. शंकेला जागाच नव्हती. ही तबकडी 1973च्या मार्चमध्ये कुणी विकत घेतलेली असणं शक्य नव्हतं.

तरी नियमाप्रमाणे वाजवली. दुसऱ्या बाजूला ‘मनी’ संपतं आणि त्याच्या शेपटातून बँडमधल्या रिचर्ड राइटचा ऑर्गन हळूच वर येतो. ती जागा फार शांत आहे, टक् असता तर तो तिथे लपूच शकला नसता. मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं. काही नाही. तबकडी जवळजवळ न वाजवल्यासारखी स्वच्छ होती.

संध्याकाळी फोन केला. असे फोन मला जड जातात. माणसाने आयुष्यभर जपलेली गोष्ट खोटी ठरवतोय असं वाटत राहतं.

“काका, ही पहिल्या प्रेसिंगची नाही. नंतरची आहे.”

ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, “पाच टक् आहेत का?”

“नाहीत. तबकडी स्वच्छ आहे.”

“मग ती माझी नाही,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, ठामपणा होता. “माझीत टक् आहेत. सीडी घेतली तेव्हा त्या जागी काहीतरी कापून टाकल्यासारखं वाटलं होतं मला.”

फोन ठेवला आणि मी खोक्यांकडे बघत बसलो. वस्तूपेक्षा माणसाच्या आठवणीवर कमी विश्वास ठेवायचा, हे या धंद्यात शिकवलं जातं, आणि ते बरोबरही आहे. पण लोक साल चुकतात, दुकान चुकतं, कुणी भेट दिली ते चुकतं. पाच टक् कुठल्या गाण्यावर येतात ते चुकत नाहीत. ते कानात बसलेलं असतं. मी उरलेल्या रेकॉर्ड एकेक करून उपसायला घेतल्या.

अठरावी का एकोणिसावी होती. यस या बँडचं ‘क्लोज टू द एज’, 1972. चित्रकार रॉजर डीनचं ते गडद होत जाणारं हिरवं कव्हर. हातात घेताच जड लागलं. आत दोन तबकड्या होत्या. एक यसची. दुसरी साध्या पांढऱ्या कागदी पाकिटात, पाकिटावर काही लिहिलेलं नाही. ओढून काढली, तर दिव्याखाली निळा, भरलेला त्रिकोण.

डेड वॅक्स वाचताना माझा हात थरथरत होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. ए-2. उलटी केली, बी-2. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या हेझ इथल्या कारखान्यातून निघालेल्या तबकडीवर आणखीही खुणा असतात. तबकडी घड्याळासारखी समजून मॅट्रिक्स नंबर सहाच्या जागी धरला, तर नऊच्या जागी मदरचा आकडा असतो आणि तीनच्या जागी स्टँपरची अक्षरं. मूळ कोरीव तबकडीवरून धातूचा उलटा ठसा घेतात, त्यावरून मदर, मदरवरून स्टँपर, आणि स्टँपर तापलेल्या व्हिनाइलवर दाबला की रेकॉर्ड होते. स्टँपर झिजतो म्हणून एकामागून एक नवे घडवावे लागतात, आणि त्यांची मोजदाद ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावातल्या दहा अक्षरांनी ठेवलेली असते: जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, ए म्हणजे 3, असं करत डी म्हणजे 0. इथे आर आणि ओ होतं. पंचविसावा स्टँपर. कारखान्यातल्या कुणा कामगाराने हातोडीने ठोकलेली ती दोन अक्षरं मी नखाने चाचपून बघितली.

तबकडी मात्र दमलेली होती. खाचा करड्या पडलेल्या, जड सुईने शेकडो वेळा वाजवल्याच्या खुणा. ‘अस अँड देम’च्या सुरुवातीला भिंगातून एक बारीक रेघ दिसली. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेवढ्या अंतरात खाचेचे पाच वेढे येतात.

धुतली, वाळवली, सुई ठेवली. ‘मनी’ ओसरलं, ऑर्गन आला. टक्. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. टक्. रेघ दर फेऱ्याला एकदा सुईखाली येते, म्हणून तेवढ्याच अंतराने. टक्. टक्. टक्. मग पुन्हा नुसता ऑर्गन.

मी फोन लावला, काही न बोलता स्पीकरजवळ धरला आणि ती जागा परत वाजवली. पलीकडून ते मोजत होते. पाच झाल्यावर म्हणाले, “आता आठवलं.” ही फार झिजली तेव्हा त्यांनी दुसरी घेतली होती. तिच्यातली पोस्टरं भाच्याला हवी होती, म्हणून ते कव्हर त्याला दिलं आणि नवी तबकडी आपल्या जुन्या कव्हरात ठेवली. जुनी टाकवेना, तेव्हा जागा दिसली तिथे सरकवली. थोड्याच दिवसांत प्लेअर बंद पडला. नवी जवळजवळ वाजलीच नाही.

मला वाटलं, आता ते ही परत मागतील. त्यांनी मागितली नाही. “प्लेअर असलेल्या माणसाकडे जाऊ दे,” म्हणाले. “मला फक्त दुसऱ्या बाजूची फाइल करून द्या. टक् काढू नका.”

टक् काढणं सोपं असतं. सॉफ्टवेअर ते आपोआप शोधतं आणि बेमालूम बुजवतं. मी ती सोय बंद केली आणि काहीच साफ केलं नाही, खरखरसुद्धा. पडद्यावरच्या आलेखात ऑर्गनच्या मऊ लाटांमधून पाच सुळके सरळ वर आलेले दिसत होते, सारख्या अंतरावर.

फाइल त्यांना पाठवली. जुनी तबकडी तिच्या कव्हरात गेली, नवी साध्या पाकिटात, ‘मूळ कव्हर नाही’ अशा नोंदीसह. सकाळची चिठ्ठी फाडली. दुसरी लिहिली: पहिलं ब्रिटिश प्रेसिंग, ए-2, बी-2. पोस्टरांना टाचण्यांची भोकं, एक स्टिकर कमी. खाचा झिजलेल्या. दुसरी बाजू, ‘अस अँड देम’ची सुरुवात: पाच टक्.