थिंक टँकच्या खुर्चीवर बसलेला बातमीदार

अमेरिकी पत्रकार स्टीव्ह कोल यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. आमच्या वर्तमानपत्रात परदेशाचं पान एजन्सीच्या, म्हणजे वृत्तसंस्थांच्या, कॉपीवर निघतं. काबूलची बातमी असो की कोलंबोची, ती कोणी जाऊन आणली हे डेस्कवर बसलेल्या आम्हा लोकांना बहुतेक वेळा ठाऊकही नसतं. म्हणूनच असेल, पण दक्षिण आशियात स्वतः फिरून बातमी आणलेला, पुढे वॉशिंग्टनमधल्या एका धोरणसंस्थेचा अध्यक्ष झालेला आणि त्या खुर्चीवर बसूनही बातमीदारी न सोडलेला हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

कोल 1985 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये आले ते फीचर लिहायला. मग आर्थिक विषयांकडे वळले. अमेरिकी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगावर त्यांनी डेव्हिड व्हाइस यांच्यासोबत लिहिलेल्या मालिकेला 1990 चं पुलित्झर, अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार, मिळालं, पण तोवर ते दिल्लीत येऊन पोचले होते. 1989 ते 1992 हा त्यांचा दिल्लीतला काळ. सोव्हिएत फौजा नुकत्याच अफगाणिस्तानातून गेल्या होत्या. काबूलमधलं नजीबुल्लांचं सोव्हिएतधार्जिणं सरकार आज पडेल की उद्या, असं जो तो म्हणत होता, आणि ते एप्रिल 1992 पर्यंत तग धरून राहिलं. काश्मीर पेटलं. मंडल झालं. आपली शांतिसेना श्रीलंकेतून परतली. राजीव गांधींची हत्या झाली, नरसिंह राव आले, अर्थव्यवस्था खुली झाली. एवढं सगळं एकाच्या वाट्याला, वर पाकिस्तान आणि अफगाणिस्तानही त्याच माणसाकडे.

पुढे लंडन, मग 1998 पासून पोस्टचं मॅनेजिंग एडिटरपद. हे पद सांभाळणाऱ्या माणसाला घरी जेवायला वेळ मिळाला तरी पुष्कळ. त्याच काळात त्यांनी 'घोस्ट वॉर्स' लिहिलं आणि 2005 मध्ये दुसरं पुलित्झर मिळवलं. अफगाणिस्तानातल्या सीआयएच्या छुप्या युद्धाचा हा इतिहास 10 सप्टेंबर 2001 ला, अमेरिकेवरच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी, थांबतो.

त्या पुस्तकाची सुरुवात सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सप्टेंबर 1996. एरियाना अफगाण एअरलाइन्सच्या सामानाने भरलेल्या, कळकट विमानातून गॅरी श्रोएन हा सीआयएचा अधिकारी काबूलला निघाला आहे. तालिबान शहराजवळ येऊन ठेपले आहेत. श्रोएनला तालिबानविरोधी अफगाण सेनानी अहमदशाह मसूद यांना भेटायचंय, कारण ऐंशीच्या दशकात सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांना वाटलेली स्टिंगर ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं अमेरिकेला आता पैसे मोजून परत हवी आहेत. फुकट वाटलेली शस्त्रं विकत घ्यायला निघालेली महासत्ता! हाच मजकूर एखाद्या धोरणसंस्थेच्या अहवालात 'शस्त्रप्रसाराचा धोका' अशा मथळ्याखाली दोन परिच्छेदांत संपला असता. कोल आपल्याला त्या विमानात नेऊन बसवतात. माणूस, पैसा आणि तारीख हातात असल्याशिवाय ते धोरणाबद्दल बोलतच नाहीत.

2007 मध्ये ते 'न्यू अमेरिका फाउंडेशन' या वॉशिंग्टनमधल्या धोरणसंस्थेचे अध्यक्ष झाले. संस्था तेव्हा तरुण होती, 1999 मध्ये सुरू झालेली. त्यांच्या काळातलं तिथलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. पाकिस्तानच्या सीमाभागात अमेरिकेचे ड्रोन हल्ले चालू होते आणि अमेरिकी सरकार त्यावर अधिकृतपणे काही बोलायला तयार नव्हतं. संस्थेतल्या पीटर बर्गन आणि कॅथरिन टीडमन यांनी वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांच्या बातम्यांतून एकेक हल्ला वेचून काढला: तारीख, ठिकाण, लक्ष्य कोण, मृत किती. रॉयटर्स, एपी, एएफपी यांच्याबरोबर पाकिस्तानातली 'डॉन'सारखी वर्तमानपत्रंही त्यात होती. मृतांचा एकच ठाम आकडा न देता किमान आणि कमाल असे दोन आकडे दिले, कारण बातम्यांतच फरक होता. ही शिस्त डेस्कवरची आहे. दोन एजन्सींचे आकडे जुळले नाहीत की आम्हीही दोन्ही देतो. सरकार गप्प असताना बातम्यांच्या कात्रणांतून सार्वजनिक हिशेब उभा राहतो, हे पाहून ऊर भरून येतो.

एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. 2008 पासून या संस्थेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते एरिक श्मिट, म्हणजे गुगलचे तेव्हाचे सीईओ. इंटरनेट धोरणावर काम करणाऱ्या संस्थेच्या शिरोभागी इंटरनेट कंपनीचाच प्रमुख असावा, हे योग्य नाही. वर्तमानपत्रात संपादकीय आणि जाहिरात यांच्यामध्ये निदान एक भिंत असावी असं सगळे तोंडाने तरी म्हणतात. धोरणसंस्थेचा सगळा डोलाराच देणगीदारांवर उभा असतो आणि अध्यक्षाच्या कामाचा मोठा भाग म्हणजे पैसे उभे करणं. बातमीदाराची सगळी कमाई म्हणजे त्याचा स्वतंत्रपणा. तो अशा जागी जपायला फार कष्ट पडत असणार.

कोल यांनी तो जपला, असं मला वाटतं, आणि त्याला आधार आहे मार्च 2009 मध्ये 'न्यूयॉर्कर' मासिकाने छापलेल्या त्यांच्या लेखाचा. संस्थेचे अध्यक्ष असतानाच त्यांनी काश्मीरवरच्या भारत-पाकिस्तान गुप्त वाटाघाटी उजेडात आणल्या. मनमोहन सिंग यांच्याकडून सतिंदर लांबा आणि मुशर्रफ यांच्याकडून तारिक अझीझ परदेशातल्या हॉटेलांत भेटत होते. सीमा बदलायच्या नाहीत, पण नियंत्रण रेषेचा काच कमी करायचा. दोन्ही बाजूंना स्वशासन, हळूहळू सैन्य मागे. मजकुराचे कच्चे खर्डेसुद्धा फिरत होते. मग 2007 मध्ये पाकिस्तानात सरन्यायाधीशांना दूर करण्यावरून मुशर्रफच अडचणीत आले आणि सगळं अडलं. हा लेख आला तेव्हा मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम तीन महिने झाले होते. पाकिस्तानशी बोलणं हा शब्दही कोणाला ऐकवत नव्हता, अशा वेळी दोन्ही सरकारं कुठवर पोचली होती हे एका बातमीदाराने लिहून ठेवलं.

2012 मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. पुढच्या वर्षीपासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाचे डीन, आणि 2018 मध्ये 'डायरेक्टोरेट एस', आयएसआयच्या अफगाणिस्तान पाहणाऱ्या छुप्या शाखेबद्दलचं जाडजूड पुस्तक. खुर्ची बदलली, विषय तोच राहिला.

लांबा यांनी मे 2014 मध्ये काश्मीर विद्यापीठात या तोडग्याची तत्त्वं उघडपणे मांडली. 2022 मध्ये ते गेले आणि त्यांचं स्वतःचं पुस्तक त्यानंतर आलं. सध्या ते पुस्तक आणि कोल यांचा 2009 चा लेख शेजारी ठेवून वाचतो आहे, पेन्सिल हातात घेऊन. कोणी आधी वाचले असतील तर कुठे जुळतं आणि कुठे नाही ते खाली जरूर लिहा.