फुंकरीची पेटी

आमच्या घरी मेलोडिका आली ती काकांमुळे. ते ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवीत. पण गणेशोत्सवात सांगलीत एकाच रात्री दोन मंडपांत कार्यक्रम असला, की ते अवजड धूड खांद्याला अडकवून धावपळ करण्यापेक्षा पिशवीत मावणारे हे वाद्य त्यांना परवडे. प्लास्टिकचे अंग, 32 पट्ट्या, म्हणजे जेमतेम अडीच सप्तके, आणि टोकाला तोंडात धरायची नळी. मंडपातली पोरे तिला जत्रेतले खेळणे समजत, आणि खरे सांगायचे तर मीही समजत असे.

जर्मनीच्या होनर कंपनीने 1950 च्या दशकाच्या अखेरीस मेलोडिका बाजारात आणली. जपानच्या प्राथमिक शाळांत तर तिची भावंडे मुलांच्या दप्तराबरोबरच हिंडतात. एकदा शाळेचे वाद्य असा शिक्का बसला, की मोठ्यांच्या मैफलीत शिरकाव होणे अवघड. तो शिक्का पुसला जमैकाचा वादक ऑगस्टस पाब्लो याने. 1970 च्या दशकात किंग्स्टनमध्ये रेगे या तिथल्या संगीतप्रकाराच्या ध्वनिमुद्रणांतून गाणे काढून टाकून केवळ ड्रम आणि बेस गिटार यांचा सांगाडा ठेवण्याची डब नावाची रीत रुजत होती. त्या रिकाम्या जागेत पाब्लोने मेलोडिकाची एकच बारीक, उदास ओळ सोडली आणि मागे प्रतिध्वनी घुमत राहिला. त्याआधी 1966 मध्ये अमेरिकेच्या स्टीव्ह राइश या संगीतकाराने याच वाद्याचा एक छोटा तुकडा टेपवर पुनःपुन्हा फिरवून अख्खी रचना केली होती, आणि 2001 मध्ये गोरिलाझ या बँडच्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यातही हाच आवाज आला. फिलाडेल्फियाच्या 'द हूटर्स' या रॉक बँडने तर आपले नावच मेलोडिकाच्या टोपणनावावरून घेतले. हूटर म्हणजे भोंगा. साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या सांगलीकराला त्यातली गंमत समजावून सांगावी लागू नये.

सुरांच्या दाट गर्दीत मेलोडिका विरून जाते, पण तिला एकटी सोडली की ती माणसासारखी वाटू लागते, असे माझे मत आहे. पेटीचा भाता डाव्या हाताने हलत असतो, त्यामुळे वादकाला दम लागला तरी सूर तुटत नाही. येथे मात्र भाता म्हणजे वादकाची छाती. ओळ जेथे संपते तेथेच श्वास घ्यावा लागतो, प्रत्येक सुराची सुरुवात बासरीसारखी जिभेने करता येते, आणि पट्टी अर्धवट दाबून जोराने फुंकले तर सूर किंचित खालीही ओढता येतो. हे शेवटचे कसब काकांना साधले होते; मला अजून साधलेले नाही.

या श्वासाची किंमत मात्र मोजावी लागते. फुंकरीबरोबर आत गेलेली वाफ पितळी रीडवर, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या पातळ पात्यावर, थंड होऊन साचते, आणि ती झडपेतून वेळच्या वेळी झटकली नाही तर सूर जड होतात. काका गेल्यावर त्यांची मेलोडिका वर्षानुवर्षे कपाटात पडून होती. बाहेर काढली तेव्हा मधला गंधार साफ उतरला होता, म्हणून मी ती मिरजेला नेली. मिरज हे तंबोऱ्यांचे आणि सतारींचे गाव. तिथे हे प्लास्टिक पुढे करताना मला जरा ओशाळल्यासारखेच झाले. म्हाताऱ्या कारागिराने चार स्क्रू काढून आत डोकावले आणि म्हटले, "ही तर पेटीच हाय की."

मग त्यांनी रीडखाली पातळ पत्रा सरकवून तिचे टोक हलक्या हाताने घासले. टोकाला घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, एवढे सांगून ते गप्प झाले. दोनतीनदा फुंकून, पुन्हा घासून, त्यांनी गंधार जागेवर आणला. नंतर नळी सदऱ्याच्या टोकाला पुसून त्यांनी एका अभंगाचे ध्रुवपद सुरू केले; पण शब्दाच्या ऐन मध्यात दम संपला आणि सूर तुटला. ते स्वतःशीच हसले. "पेटीवर असं कधी झालं नाही," ते म्हणाले. मी मजुरी विचारली, तेव्हा पुरेसा श्वास भरून घेऊन तीच ओळ पुरी करण्यात ते गुंतले होते.