स्क्रीन, वॉरंटी आणि लॅमिंग्टन रोड
आजची दुपार मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेली. परवा लोकलच्या गर्दीत बॅग दाबली गेली आणि लेकीच्या लॅपटॉपची स्क्रीन तडकली. वॉरंटीचे चार महिने शिल्लक होते, तरी सर्व्हिस सेंटरने नकार दिला. वॉरंटी असते ती कारखान्यातल्या दोषासाठी: आपोआप उमटलेली रेघ, बंद पडलेला बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड. दाबलं, पडलं, पाणी सांडलं, तर अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे भरून घेतलेलं असावं लागतं. विकताना हे कुणी नीट सांगत नाही, याचा मला खरंच राग आलाय.

ग्रँट रोड स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानातल्या काकांनी मात्र आधी पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा भाग, उघडून मागचा मॉडेल नंबर दाखवला, ते लॅपटॉपला जोडणारा कनेक्टर ३० पिनचा की ४० हे बघितलं, मगच भाव सांगितला. किती बरं वाटलं! नव्या पॅनेलची सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घेतली. तुम्हीही तोंडी शब्दावर राहू नका. आणि दोष कंपनीचाच असून कुणी टाळलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

लेक आत्ता प्रोजेक्ट पूर्ण करत बसलीय.